उरलेल्या सहा ढेपा

ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती गुळाच्या वासासकट. नोकरीत मी पोलीस ठाण्यात दारूचा, रक्ताचा, जळक्या रॉकेलचा वास पुष्कळ घेतला. पण ठाणे अंमलदाराच्या टेबलावर गुळाच्या सहा ढेपा मांडून एक धडधाकट माणूस ओक्साबोक्शी रडतोय, हे दृश्य आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही दिसलं नाही. जिल्ह्याचं नाव तेव्हा नुकतंच बदललं होतं. कागदावर धाराशिव आणि लोकांच्या तोंडात उस्मानाबाद असे ते दिवस. मी जिल्ह्यातल्याच एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती आणि आपण सगळं पाहिलंय अशी माझी पक्की समजूत होती.

सकाळची हजेरी आटोपून मी केबिनमध्ये बसलो होतो. अंमलदार आत आला आणि म्हणाला, "साहेब, एक जण गूळ घेऊन आलाय. चोरीचा म्हणावा तर तसं नाही, वाटायला आणला म्हणावा तर रडतोय. काय लिहू?" मी त्या माणसाला आत बोलावलं, पाणी दिलं. रडणाऱ्याला लगेच प्रश्न विचारू नयेत, पाणी द्यावं आणि गप्प बसावं. तो स्वतःच सुरुवात करतो.

माणूस चाळिशी ओलांडलेला होता. भूमकडच्या एका मेंढपाळ घरातला, घराण्यात पहिला नोकरीला लागलेला, सोलापुरात एका कारखान्यात सुपरवायझर. वडील वारल्यावर आई काही महिने त्याच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहिली आणि मग आमच्या हद्दीतल्या एका वृद्धाश्रमात आली. आश्रमाचं नाव चांगलं होतं. तिथला व्यवस्थापक दर महिन्याला प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचं वजन करायचा आणि मुलांना फोनवर कळवायचा. "मातोश्रींचं वजन पंचेचाळीस, काळजी नसावी." फोनवर आईशी काय बोलावं हे या मुलाला सुचायचं नाही, पण आकडा कळला की त्याला बरं वाटायचं. वजन जागच्या जागी आहे, म्हणजे आई खाते-पिते, म्हणजे आपलं बरोबर चाललंय, असा त्याचा साधा हिशेब होता.

सोलापुरात स्वतःचं घर झालं तर आईची गूळतुला करीन, असं हा मुलगा देवीला बोलला होता. आमच्याकडे असा नवस बोलतात. माणसाला तराजूच्या एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्या पारड्यात त्याच्या वजनाइतका गूळ ठेवायचा आणि तो गूळ प्रसाद म्हणून वाटायचा. घर झालं. वास्तुशांत झाली. मुलाने व्यवस्थापकाने सांगितलेल्या आकड्यावर भरवसा ठेवून, किलो-किलोच्या पंचेचाळीस ढेपा बाजारातून उचलल्या आणि आईला घेऊन तो तुळजापूरला गेला. तिथे त्यांच्या पिढीजात पुजाऱ्यांच्या अंगणात तराजू टांगलेला होता. एका पारड्यात आई बसली. नातेवाईक दुसऱ्या पारड्यात ढेपा ठेवू लागले. टोपल्यात सहा ढेपा शिल्लक होत्या, तेवढ्यात आईचं पारडं वर गेलं आणि गुळाचं पारडं जमिनीला टेकलं.

पहिल्यांदा लोक हसले. दुकानदाराने जास्तीचा गूळ दिला असेल, असं कुणीतरी म्हणालं. ढेपा पुन्हा मोजल्या, तर बरोबर पंचेचाळीस. मग मुलाच्या आत्याने पुढे होऊन पारड्यातल्या म्हातारीचं मनगट धरलं, पोलक्याची बाही वर सारली. हाताची नुसती काडी झाली होती. म्हातारी एवढंच म्हणाली, "वय झालं, बाबा. चालायचंच."

"मग तिला दवाखान्यात नेलंत ना?" मी विचारलं.

नाही, तो म्हणाला. आई ऐकेना. मला माझ्या जागी सोड म्हणून हट्टाला पेटली, म्हणून संध्याकाळी तिला वृद्धाश्रमात सोडलं. रात्रभर झोप आली नाही आणि सकाळी उरलेला गूळ घेऊन तो ठाण्यात आला. त्याला एकच हवं होतं. आपल्या आईला उपाशी ठेवणाऱ्याला बेड्या पडलेल्या त्याला पाहायच्या होत्या.

मला एक गोष्ट खटकली. मी विचारलं, "घर झालं म्हणता, मग आई अजून आश्रमात कशी?"

तो म्हणाला, "वरचा मजला राहिलाय, साहेब."

त्याचा अर्ज घेतला, डायरीला नोंद केली. माझ्या डोक्यात चित्र तयार झालं होतं. कुंपणच शेत खातंय. धान्य व्यवस्थापकाच्या घरी जात असणार, म्हाताऱ्या माणसांच्या ताटात पाणीदार वरण पडत असणार, आणि वजनाचे आकडे खुर्चीत बसून रचले जात असणार. असली प्रकरणं सरळ असतात, दोन तासांत माणूस बोलता होतो. मी आमच्या महिला हवालदारांना आणि दोन पंचांना बरोबर घेतलं, वैधमापन निरीक्षकांना प्रमाणित वजनं घेऊन यायला सांगितलं आणि न कळवता आश्रमाच्या दारात गाडी उभी केली.

आत पाऊल टाकलं आणि माझं चित्र पुसलं गेलं. इतकी स्वच्छता मी सरकारी विश्रामगृहातही पाहिली नव्हती. अंगणात कडुनिंब, फुलांचे वाफे, वाफ्यांच्या कडेने चुना दिलेले दगड ओळीने लावलेले. स्वयंपाकघरात धान्याच्या कोठ्या भरलेल्या. ज्वारीच्या गरम भाकरी, भाजी, आमटी. मी स्वतः पंगतीला बसून जेवलो. भाकरी खरपूस होती, आमटी आपल्याकडे असते तशी चांगली झणझणीत. कुणाच्या ताटात वाढायला हात आखडत नव्हता. म्हाताऱ्यांना विचारलं, कसं चाललंय? सगळ्यांचं एकच उत्तर, "लई बरं चाललंय, सायब." गावात चार माणसांना विचारलं तर पाच उत्तरं मिळतात. सगळ्यांचं उत्तर एकच आलं, तर एक तर ते खरं असतं, नाहीतर कशाची तरी धास्ती असते.

निरीक्षकांनी आश्रमाचा वजनकाटा तपासला. काटा अचूक होता, शिक्का चालू वर्षाचा होता. मग पंचांसमोर एकेकाचं वजन घेतलं. व्यवस्थापकाने कळवलेला आकडा आणि काट्यावरचा आकडा प्रत्येकाचा जुळत गेला. शेवटी त्या मुलाची आई आली. ठेंगणी, हिरवं नऊवारी लुगडं, वर जाड शाल, बोलताना तोंडावर पदर. महिला हवालदारांनी हात दिला. ती जपून काट्यावर चढली.

पंचेचाळीस.

मी वाकून पुन्हा पाहिलं. आदल्या दिवशी पन्नास माणसांसमोर एकोणचाळीस भरलेली बाई आज पंचेचाळीस भरत होती. एका रात्रीत सहा किलो कुणाच्या अंगावर चढतात? व्यवस्थापक पन्नाशीचा, गोड बोलणारा माणूस. तो नम्रपणे म्हणाला, "साहेब, आता गुळाच्या तराजूवर विश्वास ठेवायचा की सरकारी शिक्क्याच्या काट्यावर, हे तुम्हीच ठरवा." माझ्याबरोबरच्या शिपायाने हसू दाबण्यासाठी तोंड फिरवलं. मी पंचनाम्यावर सह्या घेतल्या आणि उठलो.

निघताना दोन गोष्टी नजरेत राहिल्या. वैशाखाचं ऊन नुसतं भाजत होतं आणि या म्हाताऱ्यांपैकी कित्येक जण शाली, कोट, जाकिटं घालून बसले होते. त्यात एक निवृत्त शिक्षक होते. त्यांना सगळे गुरुजी म्हणायचे. अंगात काळा कोट, कपाळावर घाम, आणि काट्यावरून खुर्चीपर्यंत चार पावलं चालून त्यांना धाप लागली होती. मी विचारलं तर व्यवस्थापक म्हणाला, पोलीस आलेत, फोटो निघतील म्हणून नटलेत सगळे. दुसरी गोष्ट म्हणजे, त्या आईच्या हिरव्या लुगड्यावर कमरेपाशी पांढरा पट्टा उमटला होता. तंबाखूचा चुना असेल, असं मी मनाशी म्हटलं. आपल्या भागात निम्म्या कपड्यांवर तो असतोच.

ठाण्यात परतल्यावर मुलाला बोलावून जरा कडकच विचारलं, तू हे कुभांड कशासाठी रचलंस? तो हादरला. त्याने मोबाइल पुढे केला. भाच्याने तुलेचं चित्रीकरण केलं होतं. मी ते लक्ष देऊन पाहिलं. आई तराजूपाशी आली. तिने पारड्याला हात लावून नमस्कार केला आणि थबकली. देवळाच्या दिशेला तोंड करून जरा वेळ उभी राहिली. मग लोकांकडे पाठ केली, भिंतीपाशी गेली, शालीखालून नारळाएवढी दोन गाठोडी काढली, भिंतीच्या कडेला ठेवली आणि येऊन पारड्यात बसली.

"हे काय ठेवलं तिनं?"

"ओटीचे नारळ असतील, साहेब."

"नारळ तिने आश्रमातून आणले होते?"

तो विचारात पडला. नाही, म्हणाला, ओटीचे नारळ आम्ही देवळाच्या वाटेवर विकत घेतले. मग ही गाठोडी कसली, हे त्याला सांगता येईना. ती परत कुणी उचलली, तेही आठवेना. वजनाच्या गोंधळात सगळेच विसरले होते.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः तुळजापूरला गेलो. पुजाऱ्यांच्या घरात एक वयस्क काकू होत्या. गाठोड्यांचं विचारताच त्या म्हणाल्या, "आहेत की. जपून ठेवलेत. यांचे देव विसरले बघा इथं." मला काही उमगेना. त्यांनी अंगणातला कोनाडा दाखवला. त्यात दोन दगड मांडले होते. दोन्हींना हळद-कुंकू लावलेलं, वर झेंडूचं एकेक फूल, समोर निरांजन. मेंढपाळांच्या घरातले देव पुष्कळदा दगडाचे असतात. ते फडक्यात बांधून देवीच्या भेटीला आणायची रीत आहे. मंडळी गडबडीत विसरली, आठवण झाली की नेतील, तोवर देवांना उपाशी कसं ठेवायचं, म्हणून काकू त्यांची पूजा करत होत्या.

मी त्यांची परवानगी घेऊन एक दगड उचलला. चांगला वजनदार होता. उलटा करून पाहिला. वरच्या बाजूला कुंकू होतं, खालच्या बाजूला पांढराफटक चुना. अर्धा दगड चुन्याने माखलेला आणि अर्धा कोरा, मातीत पुरलेला असल्यासारखा. असे दगड मी आदल्याच दिवशी पाहिले होते, आश्रमातल्या फुलांच्या वाफ्यांना. आणि लुगड्यावरचा पांढरा पट्टा तंबाखूचा नव्हता, हेही त्याच क्षणी कळलं.

काकूंना विचारून तो दगड पिशवीत घातला, हवालदारबाईंना, लेखनिकाला आणि पंचांना फोन करून तिकडे बोलावलं आणि गाडी थेट आश्रमावर घेतली. या वेळी ऑफिसात न जाता मी वाफ्यांच्या कडेने चालत गेलो. काल जी ओळ दिसली होती, ती आज नीट पाहिली तर दात पडलेल्या तोंडासारखी होती. जागोजाग खाचा. काही जुन्या, गवत उगवलेल्या. दोन खाचा अगदी ताज्या होत्या, आतली माती अजून काळी आणि ओलसर. तुळजापुरात सोडलेल्या दोन दगडांच्या बदली दोन नवे दगड निघाले होते.

शिपायाला बाहेरच थांबवलं. महिला हवालदारांना सांगून त्या आईला कडुनिंबाखालच्या बाकावर बसवलं आणि पिशवीतला दगड तिच्यासमोर ठेवला, हळद-कुंकवासकट. तिने दगड ओळखला. पण आधी काय केलं असेल, तर वाकून त्याला हात लावला आणि हात कपाळाला नेला. कुंकू लागलंय म्हटल्यावर तिच्यासाठी तो देव झाला होता.

"मावशी, हा तुमचाच ना?"

"व्हय."

"देवीच्या दारात का सोडला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की एवढ्या मोठ्या साहेबाला एवढंही कळू नये. "देवीच्या पारड्यात खोटं बसू व्हय म्या? हितं माणसं बघत्यात, चालतंय. तिथं ती बघती."

"पण इथं कशासाठी? कोण सांगतं हे करायला?"

"कोनी न्हाय सांगत, सायब."

तिने ऑफिसच्या दाराकडे पाहिलं. हवालदारबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा कुठे ती बोलली. तिचं ते बोलणं माझ्या लेखनिकाने जबाबात जसंच्या तसं उतरवून घेतलं.

"वजन घटलं की पोराला बोलिवत्यात. घेऊन जा म्हंत्यात. पोराचं घर आत्ता कुटं हुबं ऱ्हायलंय. म्या गेले की त्या दोगा नवरा-बायकूत पुन्यांदा कटकट सुरू व्हती. भाड्याच्या खोलीत मला ऐकू यायचं समदं, भिताड पातळ व्हतं." मग जरा थांबून म्हणाली, "दगुड काय, दोन घटका पोटाशी धरायचा आन् ठिवून द्यायचा. पोराचा संसार तर नीट ऱ्हातोय."

मी विचारलं, मग खात का नाही? तिने पदर बाजूला केला, तोंड उघडलं. खालची कवळी नव्हती. थंडीतच ती तुटली होती आणि तुकडे तिने रुमालात बांधून उशीखाली ठेवले होते. भाकरी चावत नव्हती. झणझणीत आमटीने हिरड्या भाजत होत्या. चहात भाकरी बुडवून, लगदा करून जेवढी गिळली जाईल तेवढी गिळायची. कवळी तुटली म्हणून सांगितलं असतं, तर मुलाला फोन गेला असता. म्हणून सांगितलं नाही. तोंडावर पदर लाजेने घेतलाय असं मी समजत होतो.

आम्ही सगळ्यांना अंगणात बोलावलं. कुणालाही काही होणार नाही, कुणालाही घरी पाठवणार नाही, असा शब्द मी दिला. मग एका आजीने ओच्यातून फडकं सोडलं आणि दगड बाकावर ठेवला. त्यानंतर एकेक करत दगड निघत गेले. कुणाच्या जाकिटातून, कुणाच्या पोटाला बांधलेल्या उपरण्यातून, एकीने तर वरवंटाच बांधला होता. वजनाचा दिवस ठरलेला असायचा, पण पोलीस आल्याचं कळताच, पुन्हा वजन होणार म्हणून, त्यांनी काल घाईने तयारी केली होती, आणि आजही. काल मी जेवत होतो तेव्हा ही माणसं आळीपाळीने उठून खोलीत जाऊन येत होती, आणि म्हाताऱ्यांना उठबस लागतेच म्हणून मी तिकडे लक्षही दिलं नव्हतं. दरोडेखोरांच्या अंगझडतीत हत्यारं निघताना मी पाहिली आहेत. पण दातांअभावी, दुखण्याने खंगलेल्या म्हाताऱ्यांच्या अंगावरून दगड निघतायत, आणि ते त्यांनी स्वतःच, एकमेकांना सांभाळून घेत बांधलेत, हे बघताना मी सुन्न झालो. आमच्या हवालदारबाई कडक म्हणून नावाजलेल्या होत्या. त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

गुरुजी सगळ्यांत शेवटी उठले. त्यांनी कोटाचे खिसे रिकामे केले, मग अस्तरात शिवलेले दगड दाखवले, आणि मग कोटच काढला. कोटाखाली माणूस किती थोडा उरला होता, ते पाहून पंचांपैकी एकाने धावत जाऊन खुर्ची आणली. मी आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावलं. त्यांनी गुरुजींना तपासलं आणि तिथूनच रुग्णवाहिका मागवली. पोटात दुखणं होतं आणि ते जुनं होतं. ते पुढे थोडेच दिवस जगले. डॉक्टर मला म्हणाले, "वजन घटायला लागलं तेव्हाच कळलं असतं, तर उपाय होता. वजन करतात ते त्यासाठीच." त्या माणसाने आपल्या मुलींना त्रास नको म्हणून स्वतःचा आजार कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला होता.

व्यवस्थापकाला ठाण्यात आणलं. सुरुवातीला तो शांत होता. नियम माझा नाही, डॉक्टरांचा आहे, म्हणाला. आश्रमात येणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की दर महिन्याला वजन करा, घटलं तर घरच्यांना कळवा, तपासणी करून घ्या. नियम अगदी योग्य होता. पण पूर्वी आश्रमात एक मृत्यू झाला होता, नातेवाइकांनी गोंधळ घातला होता, चौकशी लागली होती. तेव्हापासून याने नियमाला आपलं शेपूट जोडलं. घटलं की घरच्यांना कळवायचं आणि माणूस परत पाठवायचा. मरायचं ते आपल्या दारात नको. आणि हे तो संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर बोलून दाखवायचा, वजन घटलं की घरी पाठवणार. शाळेत मुलांना दम देतात तसा.

मी बराच वेळ इकडचं-तिकडचं विचारत राहिलो. कोठीचं, पगाराचं, झाडांचं. फुलांबद्दल बोलताना तो खुलला. बाग माझी आवड आहे, वाफे मी स्वतः आखलेत, चुना माझ्यादेखत दिला जातो, असं कौतुकाने सांगत होता. तेव्हा मी विचारलं, "मग दगड कमी होत होते, ते तुम्हाला दिसलं नाही?"

त्याचा चेहरा उतरला.

"दिसत होतं, साहेब."

"कुठे जातात, तेही कळलं होतं?"

त्याने होकाराची मान हलवली. म्हणाला, "आकडे चांगले येत होते. सगळे खूश होते. मी कशाला उकरून काढू?"

माझ्या हातातला पेन मी खाली ठेवला. मारहाण करणारा, लुटणारा, खून करणारा माणूस मला समजतो. त्याला काहीतरी हवं असतं. या माणसाने एक घास चोरला नव्हता, कुणाला बोट लावलं नव्हतं. म्हातारी माणसं त्याच्यादेखत दगड पोटाशी बांधून काट्यावर चढत होती आणि हा आकडा मोठ्याने वाचत होता. निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र गेलं, प्रांताधिकाऱ्यांना अहवाल गेला, आश्रमाची व्यवस्था बदलली. न्यायालयाचं काम न्यायालय करील. मुद्देमालात मात्र पंचनामा करून दगड जमा झाले आणि ठाण्यातल्या पोरांनी त्यावर एकही विनोद केला नाही.

एक प्रसंग मी मुद्दाम मागे ठेवला आहे. दगड निघाले त्याच दुपारी सोलापूरहून मुलगा आला. आईला तपासणीसाठी इस्पितळात न्यायचं होतं. येताच तो व्यवस्थापकाच्या अंगावर धावला. आम्ही त्याला आवरलं. मी त्याला बाजूला घेतलं आणि आईचा जबाब जसाच्या तसा वाचून दाखवला. पातळ भिंतीचं वाक्यही गाळलं नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला होता, आणि त्याने ते ऐकावंच असं मला वाटत होतं. ऐकताना त्याचा राग कुठल्या कुठे गेला. ज्याला बेड्या घालायला तो ठाण्यात आला होता, त्याचा पत्ता त्याला सापडला होता.

तो आईसमोर गेला. ती बाकावरच बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने मलाच विचारलं, "सायब, तुमी त्याला न्यायला सांगितलं व्हय? त्याच्या मनात नसंल तर नगं. म्या ऱ्हाते हितंच."

मी बाजूला सरकलो. उत्तर माझं नव्हतं.

मुलगा खाली वाकला. गाडीपर्यंत चालायला तिला जमलं नसतं, म्हणून त्याने एक हात पाठीखाली, एक हात गुडघ्याखाली घातला आणि तिला उचललं. उचलताना त्याने जोर लावला होता, लहानपणापासून ओळखीच्या आईला उचलायला जेवढा लागेल तेवढा. तेवढा लागला नाही. तो एकदम तोल जाऊन मागे सरकला. आई हातात होती आणि तो जागच्या जागी उभा होता, पाऊल पुढे टाकेना. त्याचा चेहरा मी पाहिला. मग तो तिला तशीच छातीशी धरून बाकावर बसला. म्हातारी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "काय न्हाय, बाबा. काय न्हाय. वय झालंय."

तो तिला घरी घेऊन गेला, एवढं मला माहीत आहे. भिंती जाड झाल्या की नाहीत, हे पोलिसाला कळायचा मार्ग नसतो.

या तपासाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. जनावरालाही भुकेची भीती असते. पण आपल्या माणसाला आपण जड होऊ, ही भीती भुकेपेक्षा मोठी असते आणि ती फक्त माणसाला असते. ती कुठल्याही काट्यावर दिसत नाही. नातेवाइकांत, शेजारात, कुठेही मी जातो, तेव्हा घरातली वडीलधारी माणसं कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सांगतात, "आमचं एकदम बरं चाललंय." पूर्वी मी मान डोलवून पुढे जायचो. आता जवळ जाऊन बसतो, आणि बोलता बोलता त्यांचं मनगट हातात घेतो.